एका पाणबुडीची दोन नावे

जहाजाचे नाव बदलू नये, असा खलाशांमध्ये फार जुना समज आहे. नाव बदलले की जहाजाचे दैवही फिरते, असे ते मानतात; आणि दर्यावर्दी माणसाच्या समजुतींना हसणे किनाऱ्यावर बसलेल्यांना सोपे जाते. अमेरिकेच्या नौदलाने १९४० च्या फेब्रुवारीत हा संकेत जाणूनबुजून मोडला. ज्या पाणबुडीचे जुने नाव खोडले, तिच्या बाबतीत ते नावच अपशकुनी ठरून बसले होते. २६ माणसांना पोटात घेऊन समुद्रतळावर गेलेली ती नौका पुन्हा वर काढली होती, धुतली होती, दुरुस्त केली होती. आता तिच्यावर नवे खलाशी चढवायचे तर निदान तिची पाटी तरी कोरी असावी, असे वरिष्ठांना वाटले असल्यास नवल नाही. जुने नाव ‘स्क्वॅलस’. नवे नाव ‘सेलफिश’.

‘स्क्वॅलस’ हे मुशीच्या कुळातील एका लहान शार्क माशाचे शास्त्रीय नाव. पाणबुड्यांना माशांची नावे देण्याची त्या काळच्या अमेरिकन नौदलाची प्रथा होती. अटलांटिक किनाऱ्यावरील पोर्ट्‌स्मथ येथील सरकारी गोदीत १९३७ च्या शरद ऋतूत दोन सारख्या पाणबुड्यांची बांधणी सुरू झाली. एकीचे नाव ‘स्कल्पिन’ आणि दुसरीचे ‘स्क्वॅलस’. दोघींची लांबी ३१० फूट. पृष्ठभागावरील वजन साडेचौदाशे टनांच्या घरात. ‘स्कल्पिन’ जानेवारी १९३९ मध्ये नौदलात दाखल झाली, ‘स्क्वॅलस’ त्याच वर्षी १ मार्चला. सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. (पोर्ट्‌स्मथच्या याच गोदीत पुढे महायुद्धाच्या अखेरीस बांधलेली ‘डायाब्लो’ नावाची पाणबुडी १९६४ साली पाकिस्तानला भाडेपट्ट्याने मिळाली आणि ‘गाझी’ हे नाव घेऊन १९७१ च्या डिसेंबरात विशाखापट्टणजवळ बुडाली. नाव बदलल्याचा तोही एक दाखला!)

२३ मे १९३९ रोजी सकाळी ‘स्क्वॅलस’ सरावाच्या डुबीसाठी किनाऱ्यापासून काही मैलांवर, आइल्स ऑफ शोल्स या बेटांच्या बाजूस गेली. नौकेवर एकूण ५९ माणसे होती. त्यांत तीन गोदीकडून आलेले मुलकी इसम. कप्तान होता लेफ्टनंट ऑलिव्हर नाक्विन. तिची ही एकोणिसावी चाचणी-डुबी. पाणबुडी पृष्ठभागावर असते तेव्हा तिची डिझेल इंजिने चालू असतात आणि त्यांना भरपूर हवा लागते. ही हवा एका मोठ्या झडपेतून आत येते. डुबी घेताना इंजिने बंद होतात, झडप मिटते आणि पुढचा प्रवास विजेवर चालतो. प्रत्येक झडप मिटली की नियंत्रण-कक्षातील फलकावर तांबड्याऐवजी हिरवा दिवा लागतो. त्या सकाळी सारे दिवे हिरवे झाले. नौका पाण्याखाली गेली, आणि काही क्षणांत इंजिनखोलीतून फोनवर आरोळी आली, की पाणी आत येत आहे! फलक हिरवा होता, पण हवेची मुख्य झडप उघडी होती.

नौकेचा मागचा भाग पाहता पाहता भरला. दोन इंजिनखोल्या, खलाशांचे निजण्याचे दालन आणि पाणतीर डागण्याची मागची खोली ही सारी पाण्याखाली गेली. नियंत्रण-कक्ष आणि मागचा भाग यांच्यामध्ये एक पोलादी दरवाजा होता. तो बंद करण्याचे काम लॉइड मॅनेस नावाच्या वीजखात्यातील खलाशाकडे आले. नौका शेपटीच्या बाजूला कलली होती. त्यामुळे तो जड दरवाजा चढावर ओढून लावायचा होता. पलीकडून गुडघाभर, कमरेभर पाण्यातून माणसे धडपडत येत होती. त्यांतली काही येईपर्यंत मॅनेसने दरवाजा धरून ठेवला. मग पाणी उंबऱ्यावरून अलीकडे येऊ लागताच तो लावून घेतला. दरवाजा आणखी काही क्षण उघडा राहता, तर पुढची ३३ माणसेही गेली असती. तो लागला, म्हणून मागचे २६ मागेच राहिले. हा हिशेब अंकगणितात बरोबर सुटतो. त्या दरवाजाच्या मुठीवर हात असलेल्या माणसाला तो जन्मभर तसा सुटला असेल, असे कोण म्हणेल?

नौका २४० फूट खोल चिखलात जाऊन बसली. आत अंधार आणि थंडी. नाक्विनने सर्वांना पांघरुणे घेऊन पडून राहण्याची व शक्य तो न बोलण्याची आज्ञा दिली, कारण बोलण्यानेही प्राणवायू खर्च होतो. तांबड्या धुराचे बाण अधूनमधून वर सोडण्यात आले. एक पिवळा तरंगता बोया वर सोडला होता. त्यात टेलिफोन होता आणि येथे पाणबुडी बुडालेली आहे अशी अक्षरे त्यावर होती.

गोदीत ‘स्क्वॅलस’च्या डुबीची जागा बिनतारी संदेशाने कळली होती, पण संदेश उतरवताना रेखांशाचा आकडा चुकला. ठरल्या वेळी नौका वर आल्याचा संदेश न आल्याने तेथील अधिकारी अस्वस्थ झाले. योगायोगाने ‘स्कल्पिन’ त्याच दिवशी लांबच्या सफरीवर निघण्याच्या तयारीत होती. जाता जाता बहिणीचा शोध घ्या, अशी तिला आज्ञा झाली. चुकीच्या आकड्यामुळे ती मैलोगणती भलतीकडे शोधत राहिली असती. पण तिच्यावरील एका तरुण अधिकाऱ्याची नजर नेमक्या क्षणी दुसऱ्याच दिशेला गेली आणि क्षितिजावर धुराचा एक पुसट ठिपका त्याला दिसला. बोया सापडला. ‘स्कल्पिन’चा कप्तान विल्किन याने टेलिफोन उचलला, खालून नाक्विनचा आवाज आला, दोघांचे जेमतेम बोलणे सुरू झाले आणि लाटेने नौका उचलली जाऊन तार तुटली. त्यानंतर खालच्या माणसांनी हातोड्याने पोलादी भिंतीवर ठोके देऊन मोर्स लिपीत उत्तरे द्यायची, एवढाच मार्ग उरला. ते ठोके वर अगदी क्षीण ऐकू येत.

या ठोक्यांचा अर्थ चांगला ओळखणारा एक माणूस त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये होता. चार्ल्स मॉमसेन हा १९२५ साली स्वतः एका पाणबुडीचा कप्तान होता. त्या वर्षी ‘एस ५१’ ही पाणबुडी एका आगबोटीच्या धडकेने बुडाली, तेव्हा शोधासाठी त्याच्या नौकेला पाठवले होते. समुद्रावर तेलाचा तवंग आणि हवेचे बुडबुडे त्याला दिसले. खाली त्याच्या ओळखीची माणसे होती आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे कोणतेही साधन जगात नव्हते. मॉमसेनने मग पोलादी घंटेसारख्या एका कोठडीची कल्पना कागदावर मांडून वरिष्ठांकडे धाडली. तो कागद कचेरीत पडून राहिला. १९२७ च्या डिसेंबरात ‘एस ४’ बुडाली. तिच्या पुढच्या खोलीत सहा माणसे तीन दिवस जिवंत होती आणि काही आशा आहे काय, असे ठोक्यांनी विचारत होती. वादळामुळे कोणाला काही करता आले नाही. त्यानंतर मात्र कागद हलला. कोठडीचे काम पुढे अ‍ॅलन मॅककॅन या अधिकाऱ्याने पुरे केले आणि तिला त्याचेच नाव मिळाले. दप्तरी कारभाराचे हे चित्र केवळ अमेरिकेचेच आहे असे कोणी समजू नये.

ही कोठडी म्हणजे तळाशी उघडे असलेले एक मोठे पोलादी पिंप. बुडी मारणाऱ्या माणसाने, ज्याला गोदीत डायव्हर म्हणतात त्याने, आधी खाली जाऊन बुडालेल्या पाणबुडीच्या झाकणाला एक तार अडकवायची. त्या तारेच्या आधाराने कोठडी स्वतःला खाली ओढत नेते आणि झाकणाभोवतीच्या सपाट कड्यावर बसते. तिच्या काठाला रबराची पट्टी असते. आतील पाणी बाहेर काढले की भोवतीच्या समुद्राचा दाबच तिला जागी घट्ट धरून ठेवतो. मग झाकण उघडायचे. इतके सोपे, परंतु १९३९ पर्यंत प्रत्यक्ष अपघातात हे कोणी करून पाहिले नव्हते.

‘फाल्कन’ ही मदतनौका २४ मेच्या पहाटे येऊन पोहोचली. तीही पहिल्या महायुद्धातील जुनी सुरुंगकाढू बोट होती. सकाळी पहिला डायव्हर खाली उतरला आणि सुदैवाने अगदी झाकणाजवळच पोहोचून त्याने तार अडकवली. दुपारी कोठडीच्या पहिल्या फेरीत सात माणसे वर आली. दुसरीत नऊ, तिसरीत नऊ. चौथ्या फेरीत उरलेले आठ जण होते आणि नाक्विन त्यांत शेवटचा नौका सोडणारा. या फेरीत कोठडी वर येत असता मध्येच तार अडकली. पाहिले तो तिचे पेड एकामागून एक तुटलेले! कोठडी पुन्हा तळाशी उतरवावी लागली. नवी तार जोडण्याचे प्रयत्न साधले नाहीत. अखेर मॉमसेनने कोठडीतील पाणी थोडे थोडे काढवून तिला जवळजवळ वजनरहित केले आणि ‘फाल्कन’वरील माणसांनी ती झिजलेली तार हातांनी ओढत ओढत कोठडी वर आणली. तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. अपघाताला सुमारे ४० तास झाले होते. ३३ च्या ३३ माणसे वाचली. दुसऱ्या दिवशी पाचवी फेरी मागच्या झाकणापर्यंत झाली. ते उघडून पाहता आत फक्त पाणी होते.

हे यश किती दुर्मिळ होते, ते लवकरच कळले. १ जून १९३९ रोजी ब्रिटनची ‘थेटिस’ ही पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली. तिची शेपटी काही तास पाण्याबाहेर दिसत होती. तरी ९९ माणसे गुदमरून मेली. १५ जूनला फ्रान्सची ‘फेनिक्स’ हिंदी-चीनच्या किनाऱ्यावर ७१ जणांसह नाहीशी झाली.

‘स्क्वॅलस’ वर काढण्यास उन्हाळा गेला. १३ जुलैला तिचे नाक अनावर होऊन कारंजासारखे पाण्याबाहेर उसळले, तारा निसटल्या आणि नौका पुन्हा तळाशी गेली. इतक्या खोलीवर साधी हवा घेणाऱ्या डायव्हरला नायट्रोजनमुळे नशा चढल्यासारखे होते. हातात काय आहे याचेही त्याला भान राहत नाही. येथे प्रथमच प्राणवायूबरोबर हेलियमचे मिश्रण मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि ती नशा टळली. चार डायव्हरांना अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. १३ सप्टेंबरला नौका गोदीत आली. चौकशीत यांत्रिक दोष हेच कारण ठरले. १९४० च्या १५ मेला ती ‘सेलफिश’ या नावाने पुन्हा दाखल झाली. बचावलेल्यांपैकी काही जण तिच्यावर पुन्हा रुजू झाले, ही गोष्ट विशेष. खलाशांनी मात्र दोन्ही नावे जोडून तिचे ‘स्क्वेलफिश’ असे बारसे केले. नवा कप्तान मॉर्टन मम्मा याने हा शब्द उच्चारण्यास सक्त मनाई केली. अशा मनाईचा व्हायचा तोच परिणाम झाला.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने युद्ध पुकारले तेव्हा ‘सेलफिश’ मनिलाच्या बंदरात होती. पहिल्याच गस्तीत जपानी विनाशिकांवर हल्ला फसला, उलट पाण्याखाली स्फोट करणाऱ्या पिंपांचा मारा तिने सोसला आणि मम्माचे मन त्या ताणाखाली कोसळले. त्याने स्वतःच आपल्याला मोकळे करण्याची विनंती केली. त्या काळी अशा माणसाला भित्रा म्हणण्याची पद्धत होती. पण हाच मम्मा पुढे न्यू गिनीच्या बाजूला वेगवान टॉर्पेडो-बोटींच्या दलाचा प्रमुख म्हणून उत्तम नाव मिळवून गेला. त्याच्या जागी रिचर्ड व्होज आला. त्याची स्वतःची ‘सीलायन’ ही पाणबुडी १० डिसेंबरला कॅविटेच्या गोदीत बाँबफेकीत निकामी झाली होती. माणूस नौकेविना आणि नौका कप्तानाविना, अशी ही जोडी जुळली. २ मार्च १९४२ रोजी लोंबोक सामुद्रधुनीजवळ व्होजने ‘कामोगावा मारू’ हे विमाने वाहून नेणारे जहाज बुडवले.

त्यानंतरचा दीड वर्षाचा काळ बेताचाच गेला. दोष नौकेचा होता तितकाच पाणतीरांचा. अमेरिकेचा नवा पाणतीर ठरविल्यापेक्षा सुमारे दहा फूट खोल धावे. बऱ्याचदा तो शत्रूच्या जहाजाच्या बुडाखालून निघून जाई, आणि नेमका आदळला तरी कधी कधी फुटत नसे. कप्तान तक्रारी करीत, कारखान्याची कचेरी कप्तानांच्या नेमाला दोष देई. १९४२ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात मासेमारीचे जाळे पाण्यात टांगून त्यात पाणतीर सोडले आणि जाळ्याला पडलेली भोके मोजली, तेव्हा खोलीचा वाद मिटला. फुटण्याचा दोष जायला १९४३ ची अखेर उजाडली. या कप्तानांतील कित्येकांना याच काळात निष्कारण पदावरून दूर व्हावे लागले.

‘स्कल्पिन’ नोव्हेंबर १९४३ मध्ये आपल्या नवव्या गस्तीवर निघाली. अमेरिकेची सेना गिल्बर्ट बेटांवर उतरणार होती आणि ट्रुक येथील जपानी आरमारावर पाणबुड्यांनी नजर ठेवायची होती. गरज पडल्यास अनेक पाणबुड्यांचे नेतृत्व करण्यासाठी कॅप्टन जॉन क्रॉमवेल हा वरिष्ठ अधिकारी तिच्यावर होता. १९ नोव्हेंबरला ‘यामागुमो’ या विनाशिकेने तिला गाठले. स्फोटांच्या धक्क्याने खोली दाखविणारे यंत्र १२५ फुटांवर अडकले. नौका प्रत्यक्षात वर वर येत होती आणि काटा मात्र हलत नव्हता. एका बहिणीला हिरव्या दिव्याने फसवले, दुसरीला या काट्याने. नौका पृष्ठभागावर उघडी पडली. अखेर तोफांची असमान लढाई झाली, कप्तान कॉनवे मारला गेला आणि उरलेल्या अधिकाऱ्याने नौका बुडवून देण्याची आज्ञा दिली. क्रॉमवेलने नौका सोडण्यास नकार दिला. गिल्बर्टच्या मोहिमेची योजना त्याला ठाऊक होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जपानी आरमाराचे सांकेतिक संदेश अमेरिकेला वाचता येतात, हे गुपित त्याला ठाऊक होते. छळ झाल्यास ते आपल्या तोंडून निघू नये म्हणून तो नौकेबरोबर खाली गेला.

विनाशिकेने ४२ माणसे पाण्यातून काढली आणि त्यांतील एका गंभीर जखमीला परत समुद्रात टाकले. ४१ जण ट्रुकला पोहोचले. तेथे काही दिवस कसून तपासणी झाल्यावर त्यांना जपानकडे नेण्यासाठी दोन लहान विमानवाहू नौकांवर वाटून चढवण्यात आले. २१ जण ‘चुयो’वर, २० जण ‘उन्यो’वर. ही ‘चुयो’ म्हणजे पूर्वीचे ‘नित्ता मारू’ हे प्रवासी जहाज. १९४२ च्या जानेवारीत वेक बेटावरील कैदी याच जहाजातून नेले होते आणि त्यांतील पाच जणांचा वाटेत डेकवर शिरच्छेद झाला होता. तिचेही नाव बदललेले होते!

जपानी विमानवाहू नौकांचा हा ताफा कोणत्या मार्गाने घराकडे चालला आहे, हे फोडलेल्या संदेशांवरून हवाईतील अमेरिकन मुख्यालयाला कळले होते. वाटेवरच्या पाणबुड्यांना इशारे गेले. त्यांत दहाव्या गस्तीवर आलेली ‘सेलफिश’ होती. कप्तान रॉबर्ट वॉर्ड, त्याची ही कप्तान म्हणून पहिलीच सफर. ३ डिसेंबरच्या रात्री तोक्योच्या आग्नेयेस तुफान वादळ होते. लाटांत पाणबुडीच्या माथ्यावर उभे राहणे अशक्य होते. मध्यरात्रीनंतर वॉर्डने रडारवर दिसणाऱ्या एका मोठ्या जहाजावर चार पाणतीर सोडले. ‘चुयो’ जखमी झाली, पण चालत राहिली. वॉर्डने वादळातून रात्रभर तिचा पाठलाग केला. पहाटे पुन्हा मारा केला, ती थांबली. सकाळी साडेनऊच्या पुढे तिसऱ्यांदा मारा केला आणि ती काही मिनिटांतच दिसेनाशी झाली. केवळ पाणबुडीने एकटीने बुडवलेली ही पहिलीच जपानी विमानवाहू नौका.

‘चुयो’बरोबर सुमारे १,२५० माणसे गेली. खालच्या कोठडीतील कैदी दरवाजा फोडून डेकवर आले होते. वरच्या गोंधळात त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. २१ पैकी एकजण जपानी विनाशिकेच्या बाजूला लोंबणाऱ्या शिडीला कसाबसा धरून चढला. बाकीचे वीसही बुडाले. साडेचार वर्षांपूर्वी ज्या पाणबुडीने धुराचा ठिपका पाहून ‘स्क्वॅलस’च्या ३३ जणांना जीवदान मिळवून दिले, तिची ही वीस माणसे ‘स्क्वॅलस’च्याच नळ्यांतून सुटलेल्या पाणतीरांनी गेली. आणि जे गुपित राखण्यासाठी क्रॉमवेलने प्राण दिला, त्याच गुपिताने ‘सेलफिश’ला त्यांच्या वाटेवर आणून उभे केले होते. वॉर्डला यातले काहीही ठाऊक नव्हते. नौकेला राष्ट्राध्यक्षांचा गौरव मिळाला, त्याला नेव्ही क्रॉस मिळाला. त्याच गस्तीत त्याने आणखी दोन मालवाहू जहाजे बुडवली.

‘सेलफिश’च्या एकूण १२ गस्ती झाल्या. १९४४ च्या ऑक्टोबरात फोर्मोसाजवळ तिने समुद्रात पडलेल्या १२ अमेरिकन वैमानिकांना उचलले. त्यांना पकडायला आलेल्या शत्रूच्या लहान बोटी तिने तोफेने बुडवल्या. या कामाचा उल्लेख तिच्या इतिहासात दोन ओळींत उरकलेला आढळतो. वस्तुतः ज्या नौकेचा सगळा लौकिक इतरांनी केलेल्या सुटकेतून सुरू झाला, तिने स्वतः केलेली सुटका अधिक जागेची धनी होती.

युद्धानंतर तिला बिकिनी येथील अणुस्फोटाच्या चाचणीत लक्ष्य म्हणून वापरण्याचा विचार होता. पोर्ट्‌स्मथच्या लोकांनी ती जपावी म्हणून खटपट केली. ती अर्धीच फळली. नौकेचा मनोरा कापून काढून गोदीच्या आवारात उभा करण्यात आला आणि ११ नोव्हेंबर १९४६ रोजी त्याचे समर्पण झाले. उरलेले धड १९४८ साली भंगारवाल्याला विकले गेले.

‘उन्यो’वरचे वीस कैदी जपानला पोहोचले होते. त्यांना आणि ‘चुयो’वरून वाचलेल्या त्या एकाला आशिओच्या तांब्याच्या खाणीत कामाला लावण्यात आले. १९४५ च्या सप्टेंबरात ते २१ जण सुटले, आणि ‘चुयो’च्या पोटात कोण होते हे त्यांच्याकडून ‘सेलफिश’च्या माणसांना कळले.